तबकड्यांपासून पडद्यांपर्यंत : विमानाच्या उपकरण-फलकाचे वाचन



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर विमानाच्या कॉकपिटचा विषय निघावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याजोगे आहे. परंतु थोडा विचार केला तर कॉकपिट ही मूलतः वाचनाचीच जागा आहे असे दिसून येईल. विमान ढगात शिरले किंवा रात्री समुद्रावर गेले की वैमानिकाला बाहेरचे काहीही दिसत नाही. समोरच्या फलकावर जे उमटते तेच त्याचे आकाश आणि तीच त्याची जमीन. पुस्तकाच्या वाचकाला ओळ कळली नाही तर पान मागे उलटता येते. या वाचकाला ती सवलत नाही. म्हणूनच फलकावर काय लिहावे, कोठे लिहावे आणि कोणत्या आकाराने लिहावे, याचा विचार गेल्या शंभर वर्षांत फार कसोशीने झाला आणि त्यातले कित्येक धडे मृत्यूची किंमत मोजून शिकावे लागले.

हैदराबादकरांना तर हा विषय मुळीच परका नाही. निजामाचे सरकार आणि टाटा यांच्या सहभागाने 1945 साली येथे डेक्कन एअरवेज स्थापन झाली. तिची डकोटा विमाने बेगमपेठेहून उडत आणि 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे मिग-21 विमाने भारतात बांधायचे ठरले तेव्हा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची विभागणी झाली. ओझर आणि हैदराबाद यांचे हे नाते मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे. शिवाय इंडियन एअरलाइन्सची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था हैदराबादेतच होती, आणि एअरबस ए-320 या विमानाचे वैमानिक तिच्या सिम्युलेटरवर तयार होत. बेगमपेठेवरून नियमित प्रवासी विमाने उडणे मार्च 2008 मध्ये थांबले व ती शमशाबादला गेली. तोपर्यंत या शहराच्या माथ्यावरून रोज जाणाऱ्या विमानांत हा सारा बदल घडून गेला होता. खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला मात्र त्याची चाहूलही लागली नव्हती.

प्रारंभीच्या विमानांत वाचण्यासारखे फारसे नव्हतेच. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, त्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. वेग, उंची, दिशा आणि इंजिनाची अवस्था सांगणाऱ्या मोजक्या तबकड्या आणि उरलेले काम डोळ्यांचे. खाली रेल्वेचा रूळ दिसला की रस्ता सापडला, अशी ती रीत होती. दिवसा आणि निरभ्र आकाशात ती पुरत असे. परंतु 1949 साली रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन टपाल अदलाबदल करू लागली. विदर्भाच्या काळोखात रूळ कोठून दिसणार?

येथे मानवी देहाची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. आपल्या कानात तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. जमिनीवर ते चोख काम करते. पण हवेत विमान सावकाश कलले तर त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. डोळ्यांपुढे क्षितिज नसेल तर अनुभवी वैमानिकालाही विमान सरळ चालले आहे असेच वाटत राहते आणि ते मात्र एका अंगावर घसरत जमिनीकडे जात असते. यावर उपाय निघाला तो भोवऱ्यातून. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सहसा सोडत नाही. या तत्त्वावरच्या जायरोस्कोपला एक रेघ आणि विमानाची छोटी आकृती जोडली की कृत्रिम क्षितिज तयार होते. 24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी कॉकपिट पूर्ण झाकून, केवळ उपकरणे वाचून विमान उडवले आणि उतरवले. विमानविद्येत केवळ वाचनावर विसंबण्याचा प्रारंभ त्या दिवसापासून मानावयास हरकत नाही.

उपकरणे आली, पण मांडणीचे शास्त्र यायला अवकाश होता. एका विमानात वेगदर्शक डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे. एक विमान सोडून दुसऱ्यात बसणाऱ्याची गत, दर पुस्तकात वर्णमालेचा क्रम बदलावा तशी होई. ब्रिटिश हवाई दलाने 1937 च्या सुमारास सहा उपकरणांचा एक ठरावीक फलक सर्व विमानांत बसवावयास घेतला. पुढे त्यातूनच इंग्रजी 'टी' अक्षराची मांडणी रूढ झाली : मध्यभागी कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा. डोळा मध्यावरून डावीकडे, परत मध्यावर, मग उजवीकडे आणि खाली असा सतत फिरत राहतो. या फिरण्याला वैमानिक 'स्कॅन' म्हणतात. हे पाठांतराइतके अंगवळणी पडावे लागते. शोधत बसावे लागले की वाचन संपले.

युद्धानंतर, 1947 साली, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोन अमेरिकी संशोधकांनी वैमानिकांच्या चुकांच्या शेकडो हकिकती गोळा करून अभ्यासल्या. तोपर्यंत अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' एवढे लिहून फाइल मिटण्याचा प्रघात होता. या दोघांनी प्रश्न उलटा विचारला : ही चूक करणे फलकाने इतके सोपे का करून ठेवले? तीन काट्यांच्या उंचीमापकाचे उदाहरण घ्या. लांब काटा शेकड्यांचा, आखूड काटा हजारांचा आणि सर्वांत छोटा दहा हजारांचा. घड्याळासारखा तो वाचायचा. पण थकलेल्या, घाईत असलेल्या डोळ्याने छोट्या काट्याकडे दुर्लक्ष केले की उंचीचे वाचन थेट दहा हजार फुटांनी चुके. माणूस तोच, नजर तीच, पण पान वाईट छापलेले.

त्याच सुमारास अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बी-17 या बाँबफेकी विमानात चाके आत घेण्याची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ एकमेकींशेजारी आणि दिसायला सारख्याच. जमिनीवर उतरल्यानंतर झडपा मिटण्याऐवजी वैमानिक चाके मिटत आणि धडधाकट विमान पोटावर बसे. चापानिसने चाकांच्या कळीला लहानशा चाकाचा आकार दिला आणि झडपांच्या कळीला पाचरीचा. आजही प्रवासी विमानात चाकांची कळ चाकाच्याच आकाराची असते. ही उपाययोजना इतकी साधी आहे की तिला शोध म्हणावे की नाही असा संकोच वाटावा; पण अक्षर न वाचता बोटांनी वाचता यावे, हे तत्त्व तिच्यात आहे आणि पुढील कथेत त्याची पुन्हा आठवण होणार आहे.

आता मुंबईकडे वळू. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग 747 विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. समुद्रावर येताच ते किंचित उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले. परंतु मुख्य वैमानिकासमोरचा क्षितिजदर्शक विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिला. ते सावरण्यासाठी त्याने विमान डावीकडे वळवले. दर्शक हलेना, म्हणून आणखी डावीकडे. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. सहवैमानिकासमोर दुसरा क्षितिजदर्शक होता. त्यालाही आपले उपकरण कोलमडल्यासारखे वाटले. वस्तुतः ते विमानाचा खरा, भयंकर कल दाखवीत असावे. तिसरा, राखीव दर्शकही होता आणि फ्लाइट इंजिनिअरने त्याकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळले. आतील सर्व 213 माणसे गेली.

एक उपकरण खोटे बोलले आणि दोन खरी असूनही ती वेळेवर वाचली गेली नाहीत, असा या दुर्घटनेचा इत्यर्थ. त्या काळच्या फलकाकडे पाहिले की हे समजू शकते. पहिल्या पिढीच्या बोइंग 747 मध्ये तबकड्या, दिवे आणि कळा मिळून 971 गोष्टी होत्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याच विमानाची 747-400 ही आवृत्ती निघाली तेव्हा ही संख्या 365 वर आली आणि फ्लाइट इंजिनिअरचे आसनही गेले. एअर इंडियाकडे ही विमाने 1993 पासून येऊ लागली. तबकड्यांच्या जागी काचेचे पडदे आले, आणि या रचनेला 'ग्लास कॉकपिट' हे नाव पडले.

हा बदल नेमका कसा घडतो तेही थोडे पाहू. विमानाच्या नाकाजवळ पूर्वीसारखीच हवा घेणारी नळी असते. फरक इतकाच की त्या हवेचा दाब आता काट्याला ढकलत नाही. तो संगणकाकडे जातो, तेथे त्याचा आकडा होतो आणि तो आकडा तारेवरून पडद्याच्या संगणकाकडे पोहोचतो. फिरत्या भोवऱ्याची जागा लेसर किरणांनी घेतली आहे : बंद मार्गात दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी सोडायचे आणि विमान वळले की त्यांच्यात पडणारा सूक्ष्म फरक मोजायचा. ए-320 मध्ये अशी माहिती देणारे तीन स्वतंत्र संच असतात. समोर सहा सारखे पडदे : प्रत्येक वैमानिकापुढे एक मुख्य उड्डाण-पडदा व एक मार्गदर्शक पडदा, आणि मध्यभागी इंजिने व इतर यंत्रणांचे दोन. एखादा पडदा विझला तर त्यावरचे चित्र शेजारच्या पडद्यावर आणता येते. दोन बाजूंच्या क्षितिजांत ठरावीक मर्यादेहून अधिक फरक पडला तर तसा इशारा अक्षरांत उमटतो. वांद्र्याच्या समुद्रावर नेमकी हीच एक ओळ हवी होती.

रंगांचाही संकेत ठरलेला. तांबडा म्हणजे तत्काळ कृती, पिवळट नारिंगी म्हणजे सावध राहा, हिरवा म्हणजे सर्व ठीक. डोक्यावरच्या फलकाची तऱ्हा तर अधिकच मार्मिक आहे. सर्व काही सुरळीत असेल तर तेथे एकही दिवा लागत नाही. अंधार हेच शुभवर्तमान.

आणि तरीही मुख्य पडद्याकडे पाहावे तर मधोमध क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा! काचेवर हवे ते, हवे तेथे रेखाटण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यावरही अभियंत्यांनी जुनीच मांडणी ठेवली. वैमानिकांच्या दोन पिढ्यांची नजर त्या क्रमाने फिरायला शिकली होती. जुन्या पोथीची नवी छापील आवृत्ती काढताना अध्यायांचा क्रम कोणी बदलत नाही, त्यातलाच हा विवेक. बदलला तो काटा. वेग आता उभ्या सरकत्या पट्टीवर दिसतो. काट्याची मोठी सोय अशी की आकडा न वाचताही त्याच्या तिरपेपणावरून अंदाज येतो. पट्टीवर मात्र वाचावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी पट्टीवर एक बाण दिला गेला. काही सेकंदांनी वेग किती असेल ते तो सांगतो. काही जुन्या वैमानिकांना तरीही काटाच बरा वाटे, आणि त्यांचे म्हणणे केवळ सवयीचे कौतुक म्हणून उडवून लावण्याजोगे नाही.

14 फेब्रुवारी 1990 रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-320 विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. विमान नवे कोरे, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे. आकाश स्वच्छ, दुपारची वेळ. आत 146 माणसे. धावपट्टी समोर दिसत असताना विमान तिच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले, बांधावर आदळले आणि पेटले. 92 जण मृत्युमुखी पडले. यंत्रात दोष सापडला नाही. सर्व पडदे खरे तेच सांगत होते.

मग घडले काय? या विमानात काचेखाली लांबट पट्टीवर काही गोल कळा असतात. एकीने उंची ठरवायची आणि तिच्या शेजारच्या कळीने खाली उतरण्याची गती. उतरण्याची गती ठरवताना चुकून उंचीची कळ फिरली असावी, अशी एक शक्यता चौकशीत पुढे आली; ती निश्चितपणे सिद्ध करता आली नाही. काही असो, विमान 'ओपन डिसेंट' नावाच्या अवस्थेत गेले. या अवस्थेत इंजिने जवळजवळ निष्क्रिय होतात आणि वेग राखण्यासाठी विमानाचे नाक खाली झुकते. उंचावरून झपाट्याने खाली येण्यासाठी ती योग्य. धावपट्टीजवळ मात्र घातक. विमान खाली जाते असे पाहून वैमानिकाने नाक वर उचलले. इंजिनांना जोर नव्हताच, त्यामुळे वेग घटत गेला. ठरलेल्या वेगाहून तो पंचवीसएक नॉटनी खाली आला. दोन्ही वैमानिकांच्या बाजूंचे 'फ्लाइट डायरेक्टर' बंद झाले असते तर स्वयंचलित यंत्रणेने आपण होऊन वेग सांभाळला असता. एकच बंद झाला. यंत्राचा आवाज चारशे, तीनशे, दोनशे अशी उंची उच्चारीत होता. पूर्ण जोर मागितला गेला तो अगदी अखेरीस. आणि निष्क्रिय झालेले जेट इंजिन जोर धरायला काही सेकंद घेते. ते सेकंद उरले नव्हते.

विमान कोणत्या अवस्थेत आहे हे पडद्याच्या माथ्यावर हिरव्या, संक्षिप्त अक्षरांत लिहिलेले होते. 1978 ची दुर्घटना वाचनातील गोंधळाची होती. 1990 ची त्याहून सूक्ष्म. जुना फलक सांगे की विमान काय करीत आहे. नव्या फलकावर आणखी एक ओळ आली : विमानाचा संगणक काय करू पाहतो आहे. दोन्ही वाचल्याखेरीज अर्थ पूर्ण होत नाही. चौकशीने गंभीर परिस्थितीची वेळेवर जाणीव न होणे व तत्काळ जोर न देणे हेच प्रमुख कारण ठरवले आणि ते नाकारता येत नाही. परंतु फिट्स आणि जोन्स यांचा उलटा प्रश्न येथेही विचारावा लागतो. शेजारशेजारच्या दोन कळांमधून एक जीवघेणा गोंधळ संभवतो, हे बी-17 च्या काळीच कळले होते ना? शिवाय जुन्या विमानांत स्वयंचलित यंत्रणेने जोर कमी केला की इंजिनांचे दांडे हाताखाली मागे सरकत; ए-320 मध्ये ते जागचे हलत नाहीत. हाताने वाचण्याची एक ओळ पुसली गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बोइंगने आपल्या पुढच्या विमानांत हलणारे दांडे कायम ठेवले. या दोन मतांचा वाद आजही मिटलेला नाही.

दोनच वर्षांनी, 20 जानेवारी 1992 रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ त्याच जातीचे विमान डोंगरावर आदळून 96 पैकी 87 जण गेले. उतरण्याचा कोन 3.3 अंश ठेवावयाचा होता. विमान मिनिटाला 3300 फूट या गतीने उतरू लागले. दोन्हींसाठी एकच कळ आणि छोट्या खिडकीत दोन्ही वेळा दिसणारे अंक जवळजवळ तेच, फरक एका टिंबाचा. 'नांव' आणि 'नाव' यांतला भेद एका अनुस्वारावर पेललेला असे, ते दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. 1962 च्या नियमांनी तो अनुस्वार गेला तरी संदर्भावरून अर्थ लागतो. वैमानिकाला संदर्भ लागेपर्यंत डोंगर आला. यानंतर त्या खिडकीत उतरण्याची गती पूर्ण चार अंकांत दिसेल अशी सुधारणा झाली.

बंगळूरच्या अपघातानंतर इंडियन एअरलाइन्सची ए-320 विमाने काही महिने जमिनीवर उभी होती. ती पुन्हा उडू लागली आणि त्यांचे वैमानिक घडविण्याचे बरेचसे काम हैदराबादने केले. सिम्युलेटर म्हणजे सहा पायांवर उभी असलेली एक बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट, खिडक्यांत संगणकाने रंगवलेले आकाश. तेथे इंजिने पेटतात, क्षितिजे खोटे बोलतात, पडदे विझतात, आणि तासाभराने माणसे चहा प्यायला बाहेर येतात. दुंडिगललाही 2013 पासून पिलाटस पीसी-7 ही पडद्यांची विमाने आली. त्यामुळे हवाई दलाचे नवे छात्र पहिल्या दिवसापासून काचेवरच वाचायला शिकतात. एचपीटी-32 विमानाच्या तबकड्यांवर शिकलेली पिढी आता त्यांची शिक्षक आहे.

या शिक्षणात आज एक शिस्त कटाक्षाने पाळली जाते. पडद्याच्या माथ्यावरची अक्षरे बदलली की बदललेल्या शब्दाभोवती काही क्षण पांढरी चौकट उमटते आणि वैमानिकाने तो शब्द मोठ्याने उच्चारायचा असतो. दुसऱ्याने तो आपल्या पडद्यावर पाहून पडताळायचा असतो. मनात वाचलेले येथे धरले जात नाही. धावपट्टीवरून निघाल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत, दारामागे, प्रवाशांना न ऐकू येईल अशा आवाजात, दोन माणसे एकमेकांना वाचून दाखवीत असतात.